शिवाच्या विजयाचा फोटो

कुस्ती मारण्यापेक्षा कुस्तीचा फोटो काढायला जास्त अक्कल लागते, हे मला बी.एस्सी.च्या तीन वर्षांत कुणीही शिकवलं नाही.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. तोही फिजिक्स घेऊन! त्यामुळे प्रकाश, भिंग, आरसा असल्या विषयांत कासार आंबोलीत माझ्या तोडीचा माणूस नाही, अशी घरच्यांची पक्की समजूत होती. (माझीही होती.) धाकटा भाऊ शिवा मात्र तालमीतला. मी पुस्तकं उचलली, त्यानं माणसं उचलली. गावात मान कुणाला जास्त, हे विचारू नका.

दोन हजार नऊच्या आसपासची गोष्ट. शिवाची पोलिसात निवड झाली होती. जत्रेनंतर लगेच ट्रेनिंगला जायचं होतं, म्हणजे गावच्या आखाड्यातली ही त्याची शेवटची कुस्ती. जोड ठरली होती भूगावच्या बंटी पैलवानाशी. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, सकाळी चहाच्या वेळी मला समोर बसवलं.

"दत्ता, म्या उभ्या मुळशीत कुस्त्या मारल्या. फोटू एक न्हाई. बघनारी मानसं बी आता एकेक करून चाललीत. उद्या कोनी इचारलं तर पुरावा काय? माझं तोंड! शिवाचं तसं व्हता कामा न्हाई. समोरच्याची पाठ मातीला लागल्याला फोटू पायजे. येवडं एकच काम सांगतो तुला."

"आबा, काळजी सोडा. प्रकाश हा माझा विषय आहे."

"आता इषय शिवाचा हाय. तू फोटू काढ."

आता मोबाईलवर फोटो निघायचे, नाही असं नाही. पण त्या काळच्या मोबाईलमध्ये संध्याकाळी माणूस आणि म्हैस एकाच रंगाची यायची. आणि मोठ्या कुस्त्या लागतात नेमक्या दिवस मावळताना. म्हणून मी हिंजवडीच्या ऑफिसातल्या बोरकरला गाठलं. बोरकर अमरावतीकडचा, शनिवार-रविवार लग्नांचे फोटो काढायचा. तो पठ्ठ्या एक नाही, दोन कॅमेरे घेऊन आमच्या घरी हजर! दोन्ही काळेकुट्ट, दोन्ही बाजरीच्या पोत्यागत जड.

"पाह्य दत्ताभाऊ," बोरकर म्हणाला, "हा माहा. अंधारात घुबडावानी पाह्यते. पण पयणाऱ्याले पकडाले टाइम लावते. अन् हा माह्या साडूचा. पयत्या माणसाले तुरंत पकडते, पण उजेड कमी झाला का फोटोत मुंग्याच मुंग्या!"

म्हणजे एकाला अंधारात दिसतं पण धावता येत नाही, दुसऱ्याला धावता येतं पण अंधारात दिसत नाही. शहाण्या माणसानं एक निवडून गप्प बसावं. पण मी पदवीधर! मी म्हणालो, "चाचणी घेऊ."

पहिली चाचणी गोठ्यात. अंधार झकास होता, पण म्हैस हलेना. शेपूट हलवायची, तेवढीच काय ती अ‍ॅक्शन. मग कोंबडी सोडली. साडूच्या कॅमेऱ्यानं कोंबडी हवेत पकडली, एकेक पीस वेगळं दिसत होतं, फक्त सगळ्या फोटोवर इंद्रायणी तांदळाची कणी सांडल्यासारखे दाणे. बोरकरचा कॅमेरा 'कुईंऽऽ... कुईंऽऽ' करत भिंग आत-बाहेर करत राहिला आणि शेवटी त्यानं रिकाम्या अंगणाचा फोटो काढला. अंगण मात्र काय सुंदर आलं होतं! सारवणावरची बोटं मोजून घ्या!

"कोंबडी कुटं हाय?" आईनं विचारलं.

"गेली."

"मग ह्यो क्यामेरा काय कोंबडी गेल्यावर फोटू काडतो व्हय?"

माणसावर चाचणी घ्यायला हवी होती. मी स्वयंपाकघराच्या दारातून बायकोला हाक मारली, "मंगल, जरा अंगणात धावतेस का?"

"कशापायी?"

"ऑटोफोकस बघायचाय. तो धावणाऱ्या माणसाला आपोआप धरून ठेवतो का, ते."

"मी धावले तर भाकरी करपंल. मग मी तुमच्या मागं धावंन, तवा काढा फोटू!"

शेवटी आबाच उठले. सदरा काढला, मांडीवर थाप मारली आणि शिवाला म्हणाले, "ये. तू मला पाड, दत्ता फोटू काढंल." बासष्ट वर्षांचा माणूस! पण अंगात असं वारं भरलेलं की बोरकर दोन पावलं मागं सरकला. शिवानं हलकेच पट काढला, म्हणजे पाय धरून खेचला. आबा हलेनात. शिवानं जरा जोर लावला. आबा तसेच!

"आबा, पडा की!" मी डोळ्याला कॅमेरा लावून ओरडलो.

"आजवर कुनापुढं पडलो न्हाई, आता क्यामेऱ्यापुढं पडू?"

"आवो, नुसतं खोटं खोटं!"

"पाठ काय खोटी आसती व्हय रं?"

थोड्या वेळानं आबांची कंबर धरली, आणि आईनं दोन्ही कॅमेऱ्यांना आणि बी.एस्सी.ला मिळून ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येत नाहीत. चाचणीचा निष्कर्ष असा निघाला की निष्कर्ष निघत नाही. घरात दोन पक्ष मात्र पडले. शिवा साडूच्या बाजूनं, कारण त्याला वेग हवा. आबा बोरकरच्या बाजूनं, कारण "चेहरा सवच्छ आला पायजे, मुंग्या लागल्याला पैलवान कुनी बघायचा?" मी दोघांचंही मन राखायचं ठरवलं. दोन्ही कॅमेरे न्यायचे. उजेड असेपर्यंत साडू, अंधारलं की बोरकर.

जत्रेच्या दिवशी एक पट्टा डाव्या खांद्यावरून, एक उजव्या, असा छातीवर फुली मारून मी आखाड्यात शिरलो. हलगी कडाडत होती. पोरं झाडांवर, म्हातारी माणसं पुढं, भूगावची मंडळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. आखाड्यात पंच म्हणून आमचे बापूमामा, डोक्यावर कडक भगवा फेटा, तुरा हातभर वर. कंबरेला पट्टा बांधून आबा पहिल्या रांगेत.

"आरं, ह्यो दत्ता हाय का लढाईला निगाल्याला शिपाई?" मामा ओरडले. सगळा आखाडा हसला.

"हसू द्या," आबा म्हणाले. "फोटू निगाल्याव बोला म्हनावं."

शिवाची जोड पुकारली तेव्हा सूर्य नुकताच डोंगराआड गेला होता. ना उजेड, ना अंधार! माझ्या योजनेत या वेळेसाठी कॅमेराच नव्हता! हॅलोजनचे दिवे बांधलेले होते, पण जनरेटरवाला डिझेल वाचवत शेवटच्या कुस्त्यांची वाट बघत बसला होता.

"साडूचा घे!" बोरकर म्हणाला.

"मुंग्या येतील!"

"मंग माहा घे!"

"कोंबडी जाईल!"

"बे दत्ताभाऊ, सलामी झाली, कोनताही घे!"

मी अंधारात बघणारा घेतला. डोळ्याला लावला. शिवा आणि बंटी एकमेकांच्या मानेवर हात टाकून डोकं डोक्याला भिडवून उभे. कॅमेरा म्हणाला, 'कुईंऽऽ'. शिवा खाली वाकला. 'कुईंऽऽ'. लोक किंचाळले. मी बटण दाबलं ते दाबूनच धरलं, खटखटखटखट! हलगी वेडी झाली, फेटे उडाले, शिट्ट्या, धुरळा! मी कॅमेरा खाली घेतला तेव्हा शिवा लोकांच्या खांद्यावर होता. घिस्सा डावावर चीत केलं होतं म्हणे. मला मात्र कुस्ती दिसलीच नव्हती, मी फोकस बघत होतो!

आबा कंबर विसरून धावत आले. "आला?"

मी मागच्या पडद्यावर बघितलं. पहिला फोटो, बापूमामांचा फेटा. दुसरा, फेटा. तिसरा, फेटा, जरासा डावीकडून. कॅमेऱ्यानं आखाड्यातली सगळ्यात उठून दिसणारी वस्तू शोधली होती आणि इमानदारीनं तिलाच धरून ठेवलं होतं. फेट्याचा विणलेला धागान्‌धागा मोजावा इतका स्पष्ट. त्याच्यामागं चिखल उडाल्यासारखे दोन डाग.

"ह्यातला शिवा कंचा?"

"वरचा डाग, आबा."

 आबा वळले आणि सरळ आखाड्याच्या मधोमध गेले. बंटी पैलवान अंगावरची माती झटकत उभा होता. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोरा, लई चांगला लढलास. आता येक काम कर. जरा परत पड."



"काय?" बंटी म्हणाला.

"फोटू निगाला न्हाई. नुसती पाठ टेकव, दत्ता खटका दाबंल, मग ऊठ. निकाल काय बदलत न्हाई, तुजं काय जातंय?"

मला वाटलं, आज आबा, मी, बोरकर आणि दोन्ही कॅमेरे ट्रॉलीखाली जाणार! ट्रॉलीतून भूगावचा एक म्हातारा ओरडलाच, "आसं कसं? पैलवान हाय का गादी, वाटंल तवा जमिनीव टाकायला?"

पण बंटी दिलदार निघाला. हसला आणि म्हणाला, "काका, पडतो की. पन आपनहून न्हाई पडनार. पाडा म्हनावं."

"मंजूर!" खांद्यावरून उतरत शिवा म्हणाला. (पोलिसात निवड झालेल्या माणसानं इतक्या लवकर मंजूर म्हणू नये.)

बापूमामांनी जाहीर केलं, "ही कुस्ती निकाली न्हाई, फोटूची हाय! इनाम शिवालाच!" लोकांना काय, फुकट दुसरी कुस्ती! आरडाओरडा इतका झाला की जनरेटरवाल्याला वाटलं शेवटची कुस्ती लागली. त्यानं दोरी ओढली आणि चारही हॅलोजन भक्‌कन पेटले. आखाडा दिवसासारखा लख्ख!

मी विजेच्या वेगानं विचार केला. उजेड भरपूर, म्हणजे मुंग्या नाहीत. म्हणजे साडू! "मामा, फेटा काढा!" मी ओरडलो. मामांनी फेटा काखेत मारला. मी साडूचा कॅमेरा रोखला. काय सांगू! त्यानं जे धरलं ते सोडलंच नाही. दोघं डावीकडे, फोकस डावीकडे. दोघं फिरले, फोकस फिरला. धुळीचा कण, घामाचा थेंब, मानेची शीर, सगळं खणखणीत. मी तर नाचायचाच बाकी होतो! "मिळतोय, आबा, मिळतोय!" एक पैलवान खांद्यावरून उचलला गेला, हवेत आडवा झाला, पाय आभाळाकडे, आणि धाडकन पाठ मातीत! खटखटखटखट! एकही फ्रेम चुकली नाही!

"आला, आबा!" मी उडी मारली. "असा फोटो आख्ख्या तालुक्यात कुणी काढला नसेल!"

हलगी मात्र थांबली होती. आमच्या बाजूला सामसूम. ट्रॉलीत भूगावची मंडळी एकमेकांच्या अंगावर गुलाल उधळत होती.

मी पडद्यावर बघितलं. धोबीपछाड. तोही पाठ्यपुस्तकात छापावा असा. वर बंटी पैलवान, दात दिसताहेत. खाली आमचा शिवा, डोळे विस्फारलेले, पाठीला चिकटलेली माती कणाकणानं वेगळी.

आबांनी कॅमेरा हातात घेतला.  बराच वेळ बघितल्यावर ते हळूच म्हणाले, "च्यायला... डाव काय बसलाय बघ!" मग बंटीला जवळ बोलावून दाखवला. बंटीनं माझा हात धरला, "दत्ताभाऊ, येवडा एक मोठा करून द्याच." आबाच म्हणाले, देऊन टाक, इतकी स्वच्छ पाठ फोटोविना राहिली तर पाप लागंल. आता तो भूगावात त्यांच्या दिवाणखान्यात दारातून समोर दिसेल असा लावलाय. तीन फूट बाय चार फूट. बंटीच्या लग्नाला गेलो तेव्हा पाहुण्यांनी माझी ओळख करून घेतली, जेवताना दोन जिलब्या जास्त वाढल्या. शिवा सोबत होता, त्याला एकच.

आणि आबांना पुरावा तर हवाच होता. म्हणून आमच्या घरात बापूमामांचा फेटा लागलाय, सोनेरी चौकटीत. आलेल्या प्रत्येकाला आबा काठीनं दाखवतात, "ह्यो वरचा डाग आमचा शिवा. ह्यो खालचा भूगावचा." पाहुणा डोळे बारीक करतो, पुढं जातो, मागं येतो आणि शेवटी विचारतोच, "पण हा फोटो काढला कुणी?"

तेव्हा आबा माझ्याकडे न बघता सांगतात, "आटोमॅटिक क्यामेरा व्हता. मानसाचा त्यात काय बी संबंध न्हाई."

आणि मी, फिजिक्सचा पदवीधर, शेजारी उभा राहून मान डोलावतो.