मोरात सुभेदार बरं दिसलं नसतं

हातात आलेली सीडी ते आधी पुसायचे, आतून बाहेर, सरळ रेषेत. मग ती दारातल्या उजेडाकडे धरायचे, एक डोळा मिटून मधल्या भोकातून गिऱ्हाइकाचं तोंड बघायचे आणि म्हणायचे, "मेलेली न्हाई. तुमच्या फोनला हिची भाषा येत न्हाई, एवढंच."

हे वाक्य मी दिवसातून चार वेळा तरी ऐकत असे. सांगलीत हळदीच्या पेठेजवळ आमचे गाळे समोरासमोर होते. माझा लेडीज टेलरिंगचा आणि त्यांचा, मोबाइलवर न चालणारं चालू करून देण्याचा. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. बाजारात तरी ते कोण वापरत होतं? सगळ्यांचे ते शूटिंगमामा. वीस-बावीस वर्षं त्यांनी लग्नाची शूटिंगं केली होती. जड कॅमेरा वागवून उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला अर्धा इंच खाली आला होता. मी बायकांचे कपडे शिवते, पण डोळ्याची सवय कुठे जाते? त्यांचा शर्ट नेहमी एका बाजूला ओढलेला दिसायचा आणि माझा हात शिवशिवायचा.

शूटिंग करायचे तेव्हा मामा प्रत्येक कव्हरवर स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचे, 'आयुष्यभर बघा'. आधी कॅसेटवर लिहिलं, मग सीडीवर. पुढे कॅसेटचं यंत्र गेलं, सीडीचं गेलं, माणसाच्या हातात नुसता मोबाइल उरला. आणि मग सगळा जिल्हा आपापलं लग्न पिशवीत घालून मामांच्या दारात येऊ लागला. तुमीच लिवून दिलंय, आता दावा, म्हणू लागला. दुसऱ्या कुणी हात वर केले असते. मामांना मात्र ते खरंच वाटायचं. आपण शब्द दिलाय आणि तो मोबाइलमध्ये उघडत नाही, म्हणजे आपणच खोटे ठरलो असं धरून ते कामाला बसायचे.

फाइल का चालत नाही हे ते अथणीचं उदाहरण देऊन सांगत. आपला माणूस अथणीला गेला, तिथल्या म्हातारीशी मराठीत बोलला आणि तिला कळलं नाही, तर तो मुका झाला का? नाही. मग एकतर दुभाष्या बरोबर न्यायचा, नाहीतर त्याला कानडी शिकवायची. निराळा प्लेअर टाकणं म्हणजे दुभाष्या, आणि फाइल कन्व्हर्ट करणं म्हणजे भाषा शिकवणं. मामांचा विश्वास शिकवण्यावर होता. "दुभाष्या कवा सोडून जाईल, सांगता येत न्हाई," म्हणायचे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका व्यापाऱ्याच्या जावयानं भारीतल्या फोनवर नातवाचं बारसं काढून पाठवलं, ते सासऱ्याच्या फोनवर उघडेना. जावयानं मुद्दामच तसलं पाठवलं, अशी सासऱ्याची खात्री. मामांनी ते उघडून दिलं तेव्हा कुठे त्या घरातला अबोला सुटला. कॉलेजातला एक पोरगा फाइलच्या नावातलं टिंबापुढचं शेपूट बदलून आला होता आणि तरी चालत नाही म्हणून चिडला होता. त्याला मामा म्हणाले, दुकानावरची पाटी बदलली म्हणून आतली वांगी हळद होत नाहीत. एका फाइलमध्ये बायको बोलताना दिसायची पण आवाज यायचा नाही. नवरा म्हणाला, राहू दे असंच. मामा खो-खो हसले, मग माझी कात्री थांबलेली बघून गप्प झाले आणि तो आवाज त्यांनी दुप्पट खणखणीत करून दिला.

त्यांचं सीडी वाचायचं यंत्र रबरबँडनं बांधलेलं होतं. आत गेलेली सीडी ते सुखासुखी परत देत नसे. मग मामा रस्ता ओलांडून यायचे आणि हात पुढे करायचे. यंत्राच्या तोंडाशी एक बारीक भोक असतं, त्यात टाचणी खुपसली की ते जबडा उघडतं. टाचणी माझी. सीडी पुसायला चिंध्याही माझ्याच, त्याही सुतीच लागायच्या. टेरिकॉटची दिली तर ते दोन बोटांत चुरगाळून परत आणायचे आणि काही न बोलता टेबलावर ठेवून जायचे.

सगळ्या बाजाराला हवासा असलेल्या या माणसाकडे एक बाई मात्र पाठ करून बसायची. माझ्याकडे तासगावकडून एक काकू ब्लाऊज शिवायला येत. त्यांचे यजमान फौजेत सुभेदार होते, आता निवृत्त. काकू आल्या की माझं स्टूल उचलून उलटं ठेवायच्या, समोरचा गाळा दिसू नये म्हणून. आणि त्या आल्या की मामांना आत काहीतरी शोधायचं असायचं.

भांडण लेकीच्या लग्नाचं होतं. लग्नाच्या वेळी सुभेदार सीमेवर होते. रजा मिळाली, पण अक्षता पडून गेल्यावर, काही महिन्यांनी. शूटिंगला मामा होते. नवरी अंतरपाटाआड हार धरून उभी, पण तिचे डोळे सारखे मांडवाच्या दाराकडे. कॅमेऱ्यातून ते मामांना दिसत होतं. घरी बसून सीडी तयार करताना त्यांना ते बघवेना. म्हणून त्यांनी काय करावं? लग्नघरच्या भिंतीवरचा सुभेदारांचा वर्दीतला फोटो त्यांनी शूट केलेला होता. तो मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या डोक्यावर, लाल हृदयात घालून, गोल गोल फिरवला. आणि वरून पाडला गुलाबाच्या पाकळ्यांचा पाऊस.

सीडी घरी गेली. आळीतल्या बायका बघायला जमल्या. आणि पडद्यावर, नवरा सीमेवर असलेल्या बाईला, नवऱ्याच्या फोटोवर फुलं पडताना दिसली. तुम्हीच विचार करा. फोटोला फुलं आपण कधी वाहतो? काकूंनी टीव्ही बंद केला, बायकांना घालवलं आणि पहिली एसटी धरून सांगली गाठली. त्या मामांना काय काय बोलल्या ते अख्ख्या पेठेनं ऐकलं. पुढे सुभेदार धडधाकट घरी येईपर्यंत त्यांनी सोमवार धरले. सीडी लुगड्याच्या घडीत गेली. ती बिघडली, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं. त्यांनीही कधी खोदून विचारलं नाही. "मी नव्हतोच तिथं, बघायचं काय?" एवढंच म्हणायचे.

मी एकदा मामांना विचारलं होतं, की असला इफेक्ट घातलाच का. ते खाली मान घालून म्हणाले, "दुसरा नव्हता वो ताई माझ्याकडं. एक हृदय होतं आन् एक मोर होता. मोरात सुभेदार बरं दिसलं नसतं."

मग तीन वर्षांपूर्वी काकू आल्या आणि स्टूल उलटं न ठेवताच बसल्या. सुभेदारांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला होता. एक डोळा गेलेला. दुसऱ्यानं नळकांड्यातून बघावं तसं मधलं थोडंसं दिसत होतं, आणि तेही जाणार, परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. टीव्हीवर माणसाचं डोकं दिसलं तर हात दिसत नव्हता. तळहाताएवढं असेल तरच अख्खं चित्र नजरेत मावत होतं. आणि त्या माणसानं आता पहिल्यांदा तोंड उघडून मागितलं होतं, की नजर आहे तोवर लेकीचं लग्न बघायचंय. म्हणजे मोबाइलच हवा. सीडी घेऊन दोन दुकानं झाली, सपोर्ट करत नाही म्हणून दोघांनी परत पाठवलं. काकूंनी पिशवीतून लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली सीडी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तू दे त्यास्नी. आन् तेवढं कापा म्हनावं."

मी रस्ता ओलांडला. मामांनी कव्हरावरचं स्वतःचं अक्षर बघितलं. या खेपेला भोकातून त्यांनी कुणाकडे बघितलं नाही.

सीडीला बुरशी धरली होती. यंत्र निम्म्यावर जाऊन घरघरायचं आणि थांबायचं. मामांनी टूथपेस्ट लावून ती घासली, माझ्या चिंध्या संपवल्या, यंत्राला सावकाश वाचायला लावलं. तीन दिवस दुसरं काम घेतलं नाही. दर तासाला टाचणी मागायला येत होते, शेवटी मी डबीच देऊन टाकली. चौथ्या दिवशी दुपारी समोरून लाऊडस्पीकरवरचा आवाज आला, अमुक गावच्या तमुक साहेबांचं मांडवात आगमन झालेलं आहे, आणि मी मशीन सोडून धावले. लग्न सुरू झालं होतं.

कापायचं मात्र अवघड होतं. फोटो चित्रातच मुरलेला, उचलून बाजूला काढता येईना. तो काढायचा तर खालची नवरीही जाणार. मामा मला दाखवून म्हणाले, "पावण्यांचं सत्कार कापलं तर भांडणं होत्यात. नवरी कापली तर कोन इचारत न्हाई." पण हसले नाहीत. शेवटी काकूंच्या शब्दाखातर त्यांनी कापलं, आणि न कापलेलंही ठेवलं.

सुभेदार काकूंचा खांदा धरून आले. माझ्याच स्टुलावर, मामांच्या गाळ्यात बसले. ताठ, इस्त्रीचा शर्ट, मापात कुठेही फरक न पडणारा माणूस. मोबाइल नाकासमोर हातभर अंतरावर धरला आणि बघू लागले. पाहुणे आले, फेटे बांधले, नारळ दिले. किती वेळ ते नारळ. सुभेदार एकेकाला ओळखून नावं घेत होते. मग नवरी आली.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि एकदम संपली. सुभेदारांनी मोबाइल खाली केला.

"हार हातात होता," ते म्हणाले. "गळ्यात कवा गेला? मधलं कुठं हाय?"

मामा काकूंकडे बघत होते आणि मी खाली. मला वाटलं आता या वयात दोघांची परत जुंपणार. काकूंनी पदर सारखा केला.

"दावा त्यास्नी," त्या म्हणाल्या.

मामांनी दुसरी फाइल लावली. फोन परत सुभेदारांच्या हातात दिला. परत मंगलाष्टकं. परत नवरी दाराकडे बघतेय. आणि मग तिच्या डोक्यावर लाल हृदय उमटलं, त्यात टोपी घातलेले, मिशीवाले, पंधरा वर्षांनी तरुण सुभेदार. ते फिरू लागले. गुलाब पडू लागले.

सुभेदार हलले नाहीत. नंतर त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मला आधी वाटलं रडतायत. हसत होते. हसता हसता डोळे पुसत होते, त्या जाऊ घातलेल्या डोळ्यासकट.

"म्हंजे मी होतो की," ते म्हणाले.

काकू म्हणाल्या, फोटोवर फुलं पडत होती म्हणून आपण ते लपवलं. ते म्हणाले, "पडू देत. मेलो न्हाई की मी." मग मामांकडे, म्हणजे ते जिथे असतील त्या दिशेला, बघून त्यांनी विचारलं की फिरवलं कशाला एवढं, चक्कर येती. मामांनी मोराची हकीकत सांगितली. त्यावर काकू तोंडाला पदर लावून हसल्या, आणि तेव्हा मामा पहिल्यांदा नीट श्वास घेताना दिसले. ती दुपार मला फार आवडते. स्वतःचं लग्नसुद्धा मी इतक्या वेळा आठवलेलं नाही.

गेल्या वर्षी मामा गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यातून परत आले नाहीत. मी दोन दिवस गाळा उघडला नाही. आता समोर मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात, मोराची पण आहेत. माझी टाचण्यांची डबी त्यांच्या मुलानं आणून दिली. एका टाचणीचं टोक बोथट झालंय, ती मी वेगळी ठेवलीय.

परवा काकू आणि सुभेदार आले. सुभेदारांची नजर आता पुरती गेली आहे. लेकीनं नवा फोन घेऊन दिलाय, जुन्यातलं सगळं त्यात घातलंय, पण लग्नाची फाइल उघडून बघायचा काकूंना धीर होत नव्हता. नव्या फोनला भाषा येत नसली तर आता विचारायचं कुणाला? म्हणून माझ्याकडे आल्या. मला तरी काय कळतं? मी बोट लावलं.

लगेच उघडली. अमुक गावच्या तमुक साहेबांचं आगमन झालं. सुभेदार स्टुलावर ताठ बसून ऐकत होते, काकू फोन धरून शेजारी. नारळ झाले, फेटे झाले, मंगलाष्टकं सुरू झाली. सुभेदारांनी मान जरा पुढे केली.

"आलो का मी?"

"आवं, थांबा की," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आलासा. फिरायला लागलाय."