मुकादम कुणाचा

चावीवाल्याचं दुकान पुढच्या खोलीत आणि संसार मागच्या तीन खोल्यांत. दुकानात तो, चाव्या कापायचं यंत्र आणि मुकादम. मुकादम म्हणजे त्याचा कुत्रा. आठ वर्षं उंबऱ्यावर बसून आल्यागेल्यावर देखरेख करायचा, म्हणून हे नाव. काम काडीचं नाही, रुबाब साहेबाचा. 'बस' म्हटलं की उठायचा, 'थांब' म्हटलं की चालायला लागायचा. एकच गोष्ट तो ऐकायचा. चावीवाल्यानं मांडीवर थाप मारून "मुकादम, चल!" म्हटलं, की असेल तिथून धावत यायचा. तेवढ्यावर त्या माणसाची छाती फुगायची.

मग ताई आली. थोरली बहीण, शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली, एकटी. घरमालकानं इमारत विकली, तशी ती दोन पेट्या आणि दोन ससे घेऊन भावाच्या दारात उभी राहिली. लहानपणापासून ती हुशार आणि हा धांदरट, असा घरचा निकालच लागलेला होता. केस पिकले तरी चावीवाल्याच्या पोटातलं ते दुखणं गेलं नव्हतं. तरी तो "ये" म्हणाला. बहीणच ती.

"चार दिवसांत मुकादम त्या सशांचा फडशा पाडतोय बघ," तो बायकोला म्हणाला. त्यात काळजी किती आणि आशा किती, हे बायकोनं बरोबर ओळखलं.

ताईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "जमलं तर राहीन. एकदा जरी घोटाळा झाला, तर यांना घेऊन दुसरी खोली बघेन. कुत्रा इथला जुना, त्याला का त्रास?"

आणि ती कामाला लागली. पहिला आठवडा सशांच्या खोलीचं दार बंद. त्यांच्या अंगाखालचं फडकं मुकादमाच्या गोणपाटावर, मुकादमाचं फडकं त्यांच्या खोक्यात. आधी वासाची ओळख, तोंडओळख नंतर. खोकंही दोन तोंडांचं, म्हणजे घाबरलेला ससा कोपऱ्यात अडकणार नाही. मग दाराच्या जागी जाळी आली. ती जाळी आणि तिची कडी चावीवाल्यानंच करून दिली. मुकादमाला लांब फिरवून दमवायचं, पट्ट्याला धरून जाळीसमोर आडवं करायचं; सशांवर टक लावली की खाऊ बंद, मान वळवून ताईकडे पाहिलं की खाऊ चालू. "आणि कितीही मैत्री झाली तरी एकटं सोडायचं नाही. दात ते दातच," ताई म्हणायची.

दीड महिन्यात मुकादम "पड" म्हटलं की हनुवटी फरशीला टेकवून पडायला लागला. ताई "झालं" म्हणेपर्यंत शेपटीसुद्धा हलवायचा नाही. दिवसभर मुक्काम तिच्या पायाशी. दुकानाचा उंबरा ओस पडला. गिऱ्हाइकं विचारायची, "मुकादम रजेवर का हो?" चावीवाला म्हणायचा, "बदली झाली." लोक हसायचे, त्याच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबायच्या.

बायकोनं त्यात भर घातली. "वन्संनी कुत्र्याला माणसात आणलं. आता तुमच्याकडे बघा म्हणावं जरा."

तो जळत होता. उघड सांगायचं तर रात्रंदिवस जळत होता. आईबाप तिचे झाले, मास्तर तिचे झाले. एक कुत्रा तेवढा त्याचा होता, तोही तिनं दीड महिन्यात नेला. आणि घोटाळा एकदाच व्हायला हवा होता.

एका सकाळी ताई अंघोळीला गेलेली असताना त्यानं कानस घेऊन कडीची जीभ घासली. फार नाही, केसभर. बाहेरून पाहणाऱ्याला कडी लागलेली दिसेल, पण सशानं नाकानं ढोसलं की जाळी सुटेल. ससा मरावा असं त्याच्या मनात नव्हतं. ताईनं नुसतं घाबरावं, इतकंच. असं तो स्वतःला सांगत होता.

ताई कडी लावून भाजीला गेली. भावाच्या हातची कडी म्हणून ती जाताना मागे वळूनही पाहायची नाही. बायको शेजारी गेलेली. चावीवाला यंत्रापाशी बसून कान देत राहिला. आत काहीच आवाज नाही. शेवटी त्याला राहवेना, तो आत गेला.

जाळी उघडी होती. पांढरा ससा जाळीबाहेर, खोलीच्या मधोमध बसून पाय चाटत होता; दुसरा आत खोक्यातच होता. आणि त्याच्यापासून चार हात अंतरावर मुकादम हनुवटी टेकवून पडला होता. अंग थरथरतंय, तोंडातून लाळ गळतेय, पण जागचा हलला नव्हता. कुणी पड म्हटलंही नव्हतं. त्यानं डोळे वळवून मालकाकडे पाहिलं.

अशा वेळी शहाणा माणूस गुपचूप पट्टा धरतो. चावीवाल्याच्या मनात एवढंच आलं, की हा अजूनही तिचंच ऐकतोय, ती घरात नसतानासुद्धा! त्यानं मांडीवर थाप मारली. "मुकादम, चल!"

मुकादम उठला. तो मालकाकडेच निघाला होता, पण ससा भेदरून नेमका त्याच्या समोरून पळाला, आणि मग कुत्र्यातला कुत्रा जागा झाला. कपाटाखाली शिरता शिरता सशाचा मागचा पाय त्याच्या दातात आला. चावीवाल्यानं गळपट्टा ओढून सशाला सोडवलं तेव्हा फरशीवर रक्त होतं.

डॉक्टरांनी पाय बांधला. "जखम भरेल. पण भेदरलाय. संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर अवघड आहे." घरी आल्यावर ताईनं पाला पुढे धरला. सशानं तोंड फिरवलं.

तिनं पेटी काढली. एका हातानं ससा पोटाशी धरून ती कपडे भरत होती.

"तुझी काय चूक?" ती म्हणाली. "तुझ्या हातची कडी आपोआप उघडायची नाही. मीच नीट लावली नसेल. म्हातारी झाले."

हवं होतं ते सगळं मिळालं होतं. चावीवाल्याला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं.

"ताई, कडी मी घासली. मुकादम पडूनच होता, मीच हाक मारून उठवला."

ती थांबली. "का?"

"मुकादम माझा आहे," तो म्हणाला. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाचा आवाज सहा वर्षांच्या पोरासारखा निघाला. "सगळं तुलाच मिळतं."

"तुला दुकान आहे," ती म्हणाली. "घर आहे. बायको आहे. कुत्रा तुझाच आहे रे, हाक मारलीस तर माझं सगळं शिकवणं मोडून उठला. माझं म्हणून काय आहे, दाखव बघू. हे दोन ससे. तेवढेही बघवले नाहीत तुला?"

त्यानं खाली बसून पाल्यातली एक काडी उचलली आणि सशापुढे धरली. सशानं घेतली नाही. त्याचा हात भरून आला, तरी तो तसाच धरून बसला.