मोहोळच्या अलीकडचा नाका

शहराबाहेर पडायचं म्हटलं की मी आधी वाटेतले नाके मोजतो. सोलापूरहून निघणाऱ्या बहुतेक मोठ्या रस्त्यांवर टोलनाका आहे. नाका ओलांडला की काचेवरच्या टॅगमधून पैसे कापले जातात आणि त्याच क्षणी शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात, दाराजवळच्या दिवाणावर, माझ्या वडिलांचा फोन वाजतो. कुठला नाका, किती वाजता, सगळं त्यात लिहिलेलं असतं. अप्पा चष्मा लावून तो मेसेज वाचतात आणि मला फोन करतात. "एल्लिद्दी?" कानडीत एवढंच विचारतात, कुठं आहेस. कुठं आहे ते त्यांना माझ्याआधी कळलेलं असतं, तरी विचारतात.

आमच्याकडे कुठलीही वस्तू घरातल्या मोठ्या माणसाच्या नावावर घ्यायची रीत आहे. दुकान अप्पांच्या नावावर, घर त्यांच्या नावावर, तशीच गाडीही. चालवतो मी, पण टॅगला आधारकार्ड त्यांचं, नंबर त्यांचा. दुकान ताडपत्री आणि दोरखंडाचं, आणि सगळ्यांचा पैसा त्याच एका खात्यात. वेगळं खातं काढणं म्हणजे वेगळी चूल मांडणं, असं अप्पा मानतात. माझ्या नावाचं एक खातं आहे खरं, पण ते रिकामंच असतं. दुकानाच्या खात्यातून पाच रुपयांचा चहा घेतला तरी परवानगीसाठी अप्पांचा फोन वाजतो. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मला बापाला न सांगता चहा पिता येत नाही, हे मी हसत हसत लोकांना सांगतो. हसू येतंच असं नाही.

हे सगळं एरवी चाललं असतं. पण माझी धाकटी बहीण मोहोळला राहते.

नऊ वर्षांपूर्वी तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं. मुलगा शेतकरी घरातला, चांगला, पण आमच्यातला नव्हता. आई तेव्हा जाऊन वर्ष झालं होतं, मध्ये पडायला कुणी नव्हतं. अप्पांनी आरडाओरडा केला नाही. तिचं नाव घ्यायचं नाही एवढंच सांगितलं, आणि मी मान डोलावली. त्या डोलावलेल्या मानेची लाज मला अजून वाटते. पुढं पाच वर्षांनी मी एकदा चोरून तिच्याकडे गेलो, आणि मग जातच राहिलो. नाका टाळायला हमरस्ता सोडून एका गावातून ओढ्यावरच्या लहान पुलावरून जायचं, आणि नाक्याच्या पलीकडे परत हमरस्त्याला लागायचं. खड्ड्यांनी गाडीचा खुळखुळा झाला, पण अप्पांचा फोन वाजला नाही.

बहिणीला लग्नानंतर सात वर्षांनी मूल झालं. त्या बाळाचं जावळ ठरलं, मूल मामाच्या मांडीवर बसवून काढतात ते पहिले केस. पहिली बट मामानं कापायची, मग न्हाव्यानं वस्तरा लावायचा. मुहूर्त सकाळी अकराच्या आतला. बहीण फोनवर म्हणाली होती, "दादा, मामाच्या मांडीशिवाय मी तिच्या डोक्याला कात्री लावू देणार नाही. तू आला नाहीस तर राहू दे तसंच." तिचं माहेर म्हणजे आता माझी मांडी तेवढी उरली होती.

मी अप्पांना सांगितलं की मैंदर्गीला चाललोय, गिऱ्हाइकाला ताडपत्र्या पोचवायला. मैंदर्गी एकीकडे आणि मोहोळ बरोबर उलटीकडे. खोटं पक्कं व्हावं म्हणून डिकीत खरोखरच ताडपत्र्या टाकल्या. बायकोला सगळं ठाऊक होतं, तिनं माझा नवा सदरा पिशवीत घालून गाडीत आधीच ठेवला होता. बाळासाठी चांदीचे वाळे घेतले, ते रोखीनं, कारण दुकानाच्या खात्यातून दिले असते तर सराफाचं नाव अप्पांच्या फोनवर गेलं असतं. पाकीट तिथंच रिकामं झालं. चहापुरत्या चिल्लर नोटा राहिल्या. मोहोळला जाऊन मला पैसे कशाला लागणार होते?

ओढ्याजवळ पोचलो तर पूल उकरलेला. यंत्र उभं, खडीचे ढीग, आणि एक म्हातारा शेळ्या घेऊन बसलेला. त्यानं सांगितलं की पंधरा दिवस झाले, आता वरल्या रस्त्यानंच जावं लागतंय. मागं वळून हमरस्त्याला लागेपर्यंत सव्वादहा झाले. मी ठरवलं, जाऊ दे मेसेज. संध्याकाळचं संध्याकाळी बघू. चार वर्षं जे लपवलं ते एका मेसेजवर सोडून द्यायला मला जेमतेम पाच मिनिटं लागली.

नाक्यावर दोन गाड्यांच्या मागं उभा राहिलो. माझा नंबर आला आणि वरचा दिवा लालच राहिला. खिडकीतल्या मुलीनं हातातलं यंत्र काचेजवळ धरून पाहिलं.

"गाडी ब्लॅकलिस्टला हाय, दादा. केवायसी न्हाय झालेलं," ती म्हणाली. "रोख दुप्पट भरा, न्हायतर बाजूला घ्या."

मी पाकीट उघडलं आणि लगेच मिटलं. मी इथलाच आहे, रोजचा आहे, असं काहीबाही बोलून पाहिलं. रोजचा असतो तर तिनं मला ओळखलं असतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. फोनवरून भरा म्हणाली. माझं खातं रिकामं होतं, बायकोचंही तसंच. दुकानाच्या खात्याला अप्पांच्या नंबरावरची परवानगी लागायची. मागं एक ट्रक येऊन टेकला होता, त्याच्यामागं एसटी. पुढं दांडा, मागं ट्रक, दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या भिंती.  ट्रकवाला हॉर्न वाजवत नव्हता, उतरून माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला, ते जास्त वाईट होतं.

बहिणीच्या नवऱ्याला फोन केला असता तर त्यानं दोन मिनिटांत पैसे पाठवले असते. पण भाचीच्या जावळाला निघालेल्या मामानं भाऊजींकडे टोलचे पैसे मागायचे? जीव गेला तरी ते माझ्याच्यानं झालं नसतं.

शेवटी नाक्यावरच्या माणसांनी एक बाजूची साखळी काढली आणि मला कडेच्या मोकळ्या जागेत घ्यायला लावलं. तिथं टॅग दुरुस्त करून देणारा एक माणूस छत्रीखाली बसला होता. तो म्हणाला, पाच मिनिटांचं काम आहे, मालकाच्या फोनवर सहा आकडी नंबर जाईल, तेवढा सांगा, टॅग चालू होईल. त्यानं बटण दाबलं. मी अप्पांना फोन लावला.

आता जे झालं त्याला मीच जबाबदार. काही महिन्यांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्यांना कुणीतरी पुतण्याच्या हुबेहूब आवाजात फोन करून फसवलं होतं. तेव्हा मी अप्पांना समोर बसवून शिकवलं होतं: आलेला नंबर कुणालाही सांगायचा नाही. माझा आवाज आला तरी नाही. घरातलं असं काहीतरी विचारायचं जे बाहेरच्याला ठाऊक नाही, आणि मगच. तीन-तीनदा घोकून घेतलं होतं. अप्पांनी कंटाळून, हो रे बाबा, म्हटलं होतं.

मी म्हटलं, अप्पा, एक नंबर आला असेल, तो सांगा.  शांतपणे त्यांनी विचारलं की कोण बोलतंय. मी आहे म्हटलं. आवाज तसाच आहे, ते म्हणाले, पण आवाजाचं काय खरं नाही. मला हसावं की डोकं आपटावं कळेना.

"माझा मुलगा असशील तर घरातलं सांग," अप्पा म्हणाले. "बाहेरच्याला ठाऊक नसलेलं."

मी आईचं माहेर सांगितलं. ते सगळ्या पेठेला माहीत आहे, म्हणाले. मी दुकानाच्या माळ्यावरच्या जुन्या तराजूचं सांगितलं. तो तर भाड्यानं दुकान मागायला येणारेही बघून जातात, म्हणाले. छत्रीखालचा माणूस मनगटावरचं घड्याळ दाखवत होता, नंबर दहा मिनिटंच चालतो. साडेदहा होऊन गेले होते. माझ्या डोळ्यांपुढं न्हावी, पाट आणि दाराकडे बघत बसलेली माझी बहीण. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. आणि मग माझ्या तोंडून ते बाहेर पडलं, कारण बाहेरच्या कुणालाच ठाऊक नसलेली माझ्याजवळ तेवढी एकच गोष्ट होती.

"अप्पा, मी मैंदर्गीला नाही. मोहोळच्या नाक्यावर आहे. तिच्या बाळाचं जावळ आहे, मामा म्हणून मला बसायचंय. चार वर्षं झाली, मी तिच्याकडे जातोय."

 अप्पांनी फोन बंद केला.

मला इतका संताप आला की फोन सीटवर फेकला आणि गाडीचं दार आपटलं. रागावलो अप्पांवर, रागावलो त्या दांड्यावर, पण सगळ्यांत जास्त स्वतःवर. माणूस सेहेचाळीस वर्षांचा होतो, मुलांची लग्नं तोंडावर येतात, आणि तरी रस्त्याच्या कडेला उभा राहून बापाच्या सहा आकड्यांची वाट बघतो. गाडीतून सदऱ्याची पिशवी आणि वाळे तेवढे काढले आणि चालायला लागलो. नाक्याच्या अगदी डाव्या बाजूला एक बोळ असतो, मोटरसायकलींसाठी. तिथून एकजण पुढ्यात फवारणीचा पंप ठेवून चालला होता. मी हात केला.

"कुटं, मोहोळला? बसा की," तो म्हणाला. "टू-व्हीलरला टोल न्हाय."

त्याच्या मागं बसून मी तो नाका ओलांडला. कुणाचाही फोन वाजला नाही.

पोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. मुहूर्त टळला होता. सासरच्या मंडळींनी दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर बसवू या म्हणून बरंच सांगून पाहिलं होतं, पण माझी बहीण पाट अडवून बसली होती. मला बघताच तिनं बाळाला उचलून माझ्या मांडीवर दिलं. मी पहिली बट कापली. बाळ रडलं नाही, माझ्या सदऱ्याचं बटण ओढत बसलं. गाडीचं काय झालं विचारलं तर बिघडली म्हणून सांगितलं. मी त्या घरातही खोटंच बोलत होतो, हे मला जेवताना जाणवलं.

दुपारी भाऊजींनी मला नाक्यावर सोडलं. गाडी सोलापूरच्या बाजूलाच होती, नाका ओलांडायची गरज नव्हती, वळवायची आणि घरी जायचं. घरी जाऊन कसं बसायचं अप्पांसमोर, हाच विचार. मी दार उघडलं. फोन सीटखाली पडला होता. त्यावर अप्पांचे चौदा फोन येऊन गेलेले. पहिला, त्यांनी फोन बंद केल्यानंतर सातव्या मिनिटाला.

 मी लावला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला, कुठं होतास विचारलं नाही, काहीच विचारलं नाही. कागदावरून वाचायला लागले. आकडे ते कानडीतच म्हणतात. नाल्कु, एंटु, ओंदु, असे एकेक, मध्ये थांबत, मला लिहायला वेळ देत. नंबर संपून साडेतीन तास झाले होते. छत्रीखालचा माणूस जेवायला गेला होता. तरी मी दरवाज्याच्या खणातलं पेन घेऊन सहाही आकडे तळहातावर लिहिले.

"लिहून घेतलंस?"

घेतले म्हटलं. त्यांनी हुं केलं, पण फोन ठेवला नाही. एक ट्रक गेला, मग दुसरा. मला वाटलं आता बोलणी बसणार, आणि मी तयारही होतो.

"गंडो हेण्णो?" त्यांनी विचारलं. मुलगा की मुलगी.

चार वर्षं मी स्वतःला फार मोठा भाऊ समजत होतो. खड्ड्यांतून गाडी घातली, खोटं बोललो, चोरून भेटलो, आणि आमच्या घरात माया असलेला माणूस मी एकटाच असं मनात धरून बसलो. ते बाळ दोन वर्षांचं झालं होतं. दोन वर्षं मी आणि अप्पा समोरासमोर बसून जेवत होतो, आणि त्यांच्या मुलीला काय झालं एवढंही मी त्यांना सांगितलं नव्हतं.

"हेण्णु," मी म्हणालो, आणि तिनं माझ्या सदऱ्याचं बटण कसं ओढलं ते सांगायला लागलो.