चौथ्या खिळ्यावरचं केळं

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि ज्यांना हाताला धरून टोचायला शिकवलं त्या माझ्या शिष्यांना तर मुळीच नाही. तसा मी काही घुमा माणूस नाही हो. आमच्या गास गावात कुणालाही विचारा — देवीमास्तर बोलायला बसले की समोरच्याचा चहा गार होतो. आयुष्यात सगळं बोलून झालं, एवढं एक राहिलं. राहिलं म्हणजे — मी ठेवलं.

पण आधी माझ्या हाताबद्दल बोलू द्या. तेवढी फुशारकी मारल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. देवीची साथ तेव्हा दर दोन-तीन वर्षांनी यायचीच. अंगभर फोड, ताप, आणि माणूस वाचलाच तर तोंडावर जन्माचे वण. त्यावर उपाय एकच, लस. आम्ही त्याला देवी काढणं म्हणायचो. दंडावर लसीचा थेंब ठेवायचा, त्यावर छोट्या दातेरी चकतीचं हत्यार टेकवायचं आणि दोन बोटांत धरून गर्रकन फिरवायचं, असं चार ठिकाणी. ऐकायला किती सोपं, नाही? खोल गेलं तर रक्त येतं आणि लस रक्ताबरोबर बाहेर येते. वरवर राहिलं तर लस आत जातच नाही. केसाएवढी जागा असते मधे. ती जागा माझ्या बोटांना माहीत होती. पोर रडायला तोंड उघडेपर्यंत माझं काम झालेलं असायचं, आणि आठव्या दिवशी बघावं तर लस लागल्याचे चारही फोड टपोरे, एका ओळीत. तालुक्यात असा हात दुसरा नव्हता. म्हणजे — तेव्हा मी असं सांगायचो.

म्हणून तर नवे टोचणारे तयार करायचं काम डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे दिलं. दवाखान्याच्या मागच्या पडवीत आमचा वर्ग भरायचा. शिकायला आलेले लोक, त्यांना एकदम कुणाच्या लेकराचा दंड कसा द्यायचा? मी घरून, आमच्या बागेतून, कच्च्या राजेळी केळ्यांच्या फण्या न्यायला लागलो. कच्च्या केळ्याची साल अगदी दंडासारखी, वर गुळगुळीत, आत ओली. चकती बरोबर फिरली तर चीक नुसता दाटतो. जास्त दाबलं तर थेंब ओघळतो. आणि खरी गंमत दुसऱ्या दिवशी. खूण काळी पडते. मग कुणाचा हात जड, कुणाचा हलका, ते सालीवर लिहिल्यासारखं वाचता येतं. ही युक्ती माझी, कुणी शिकवलेली नाही. ज्याचं केळं पास झालं त्याच्या नावाची चिठ्ठी बांधून मी ते पडवीतल्या खिळ्याला टांगायचो. डॉक्टरसाहेब पाहुण्यांना मुद्दाम मागे आणून ती केळी दाखवायचे आणि माझी छाती दोन बोटं वर यायची. पुढे आजूबाजूच्या तालुक्यांतूनही माणसं ही पद्धत बघायला आली. माझ्या हाताखालून किती टोचणारे बाहेर पडले ते मोजायचं मी केव्हाच सोडलं. त्यांनी देवी काढलेली पोरं आज आजोबा झालीत. याचा अभिमान मला आहे, आणि तो मी सोडणार नाही. सोडावा असं तुम्ही म्हणालात तरी नाही.

आता सिसिलिया.

त्या वर्षी वर्गात चार जण होते, तिघे पुरुष आणि चौथी ती. पाचूबंदरची कोळीण, नवऱ्याची होडी, घरात दोन लेकरं, चर्चच्या शाळेत चार यत्ता झालेल्या. तोंडभर देवीचे वण. लहानपणी ती वाचली होती, तिची पाठची बहीण गेली होती. टोचणारे आले की बंदरावरच्या बायका पोरांना जाळ्यांच्या ढिगाआड लपवायच्या, आणि ही म्हणायची, मी गेले तर लपवणार नायत, माजं तोंड बघतील आनि पोरं म्होरं करतील. खरंच होतं ते. मला आणि डॉक्टरसाहेबांना तासभर भाषण करून जे साधायचं नाही ते तिच्या तोंडाकडे बघून झालं असतं. शिवाय सरकारी काम मिळालं की डोक्यावरची मासळीची पाटी उतरणार होती. ती उतरावी म्हणून ती रोज पहाटे बाजार करून, मग चालत वर्गाला यायची.

आणि तिचं केळं! — मी एवढी केळी पाहिली, तसं पुन्हा पाहिलं नाही. चार खुणा, चारही सारख्या, दोऱ्याएवढ्या बारीक काळ्या रेघांच्या. चिकाचा एक ओघळ नाही. मी ते चौथ्या खिळ्याला टांगलं, आणि खरं सांगतो, मनातून मला ते जरा खुपलं. माझं स्वतःचं केळं इतकं साफ यायचं का? यायचं. बहुतेक वेळा.

शेवटची परीक्षा पाचूबंदरलाच ठरली. तिच्याच वस्तीतली वीस-बावीस पोरं, ती टोचणार, मी शेजारी उभा राहणार, आणि आठव्या दिवशी डॉक्टरसाहेब येऊन फोड बघणार. फोड उठले की टोचणीच्या कामाचा दाखला.

लस मुंबईहून यायची, काचेच्या बारीक नळ्यांत. उन्हानं ती मरते. म्हणून स्टेशनवर उतरवली की ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या मडक्यात ठेवायची आणि सावलीसावलीनं न्यायची. हे मी वर्गात पहिल्या दिवशी शिकवायचो. पहिलंच वाक्य. मग त्या दिवशी मी काय केलं?

मी फोटो काढायला गेलो.

दोनच दिवसांपूर्वी शिंप्यानं माझा नवा पांढरा कोट दिला होता. स्टेशनवरून टांगा निघाला तो बाजारातून, आणि बाजारात फोटोवाला. म्हटलं, कोट अंगात आहे, हत्यार खिशात आहे, पाच मिनिटांचं काम. मडकं टांग्यात सीटवर ठेवलं. फोटोवाल्याकडे आधीचं गिऱ्हाईक बसलेलं. मग त्यानं माझी मान सरळ केली, हत्यार जरा वर धरायला लावलं, आणि मी डोळे मिटले म्हणून कॅमेऱ्यात पुन्हा दुसरी काच भरली. बाहेर टांगेवाला घोडा सोडून पाण्यावर घेऊन गेला होता. वैशाखातली दुपार. दोन तास तरी गेले असतील. परत आलो तर मडकं कलंडलेलं, फडकं पापडासारखं कडक, आणि नळ्या — हातात घेतल्या तर गरम. कोमट नव्हे. गरम.

परत फिरायला काय जात होतं? दुसरी लस आठवड्यानं आली असती. पण का, ते सांगावं लागलं असतं. फोटो काढत होतो, हे सांगावं लागलं असतं. मी फडकं पुन्हा भिजवलं, मडकं भरून घेतलं, आणि टांगा पाचूबंदरला नेला.

तिनं त्या दिवशी कसं टोचलं म्हणून सांगू. एकाही दंडाला रक्त नाही. बायका आपणहून रांगेत उभ्या. एका आजीनं तर स्वतःचाच दंड पुढे केला. मी नव्या कोटात शेजारी उभा राहून मान डोलवत होतो, आणि त्या सगळ्या वेळात मला माहीत होतं की ती पोरांच्या दंडावर मेलेली लस घालते आहे.

पाचव्या दिवशी राहवेना म्हणून एकटाच पाचूबंदरला जाऊन आलो. दंड गुळगुळीत. एकावरही काही उठलेलं नाही. तिथून थेट पडवीत आलो. भिंतीवर चार केळी. तीन अजून हिरवट, तिचं मात्र पिकलेलं, पिवळ्या सालीवर चार काळ्या खुणा आणखीच ठसठशीत. डॉक्टरसाहेब ते मागणार, आणि तिचा हात साफ दिसला की दोष लसीवर येणार, हे मला कळत होतं. ती रीत मीच त्यांना लावली होती — शंका आली की केळं बघा, केळं खोटं बोलत नाही, हे मीच सांगत फिरायचो.

फेकून द्यायचं. एवढंच करायचं होतं. पण मी केळीच्या बागेतला माणूस, आमच्या घरात पिकलं केळं फेकत नाहीत. त्या घटकेलासुद्धा माझ्या हातून ते फेकवेना. कुणाचा दाखला मी बुडवायला निघालो होतो, आणि केळं वाया जायला नको, हे मात्र मला सुचत होतं! मी ते खाल्लं. तिथेच, भिंतीकडे तोंड करून. साल दवाखान्याच्या आवारातल्या बकरीनं खाल्ली.

आठव्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी दंड पाहिले आणि पडवीत येऊन मला एकच विचारलं, लस थंड आली होती ना, मास्तर? सिसिलिया तिथेच उभी होती. मी म्हटलं, मडक्यातून काढलीच नाही साहेब. मग? ते म्हणाले. आणि मी — ज्यानं तिचं केळं पाहिलं होतं त्या मी — म्हटलं, हात जरा हलका पडतो बाईंचा. केळं बघायला ते भिंतीकडे वळले तर खिळा रिकामा. पिकून गळलं, मी म्हटलं.

"मास्तर, बाकीची तीन नाय पिकली ती?" ती म्हणाली. तेवढंच. आवाज चढवला नाही. डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडून उत्तर मागितलं नाही. मास्तरांच्या शब्दापुढे कोळणीचा शब्द कोण धरणार होतं? तिला दाखला मिळाला नाही.

पुढच्या आठवड्यात ताजी लस आली, ती मी मांडीवर मडकं धरून नेली. तीच पोरं, तेच दंड, टोचणारा मी. सगळ्यांना उठली, चार-चार फोड, टपोरे. पाचूबंदरात माझं नाव झालं ते तेव्हापासून. हात असावा तर देवीमास्तरांसारखा, असं लोक म्हणायला लागले. तिच्यादेखत म्हणायचे. मीही ऐकून घ्यायचो, आणि — लपवत नाही — बरं वाटायचं.

ती बाजारात मासळी विकत राहिली. माझी बायको तिच्याकडूनच बोंबील घ्यायची, आणि ती दोन वर टाकायची, मास्तरांना म्हणून. मी ते खायचो.

चार-एक वर्षांनी पाचूबंदरला पुन्हा टोचणी होती. रांगेत सिसिलिया उभी, कडेवर नंतरची झालेली मुलगी. तिचा नंबर आला. तिनं पोरीची बाही वर केली, दंड माझ्यापुढे धरला आणि सगळ्यांच्या समोर, अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"जरा दाबून टोचा, मास्तर. हात हलका नको."

माझ्या हाताखालचे दोन नवे टोचणारे हसले, त्यांना वाटलं बाई गंमत करते आहे. मी वर पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून चकती खोल गेली आणि त्या पोरीच्या दंडातून रक्त आलं. सिसिलियानं पदरानं ते टिपलं, मला दुसरी जागा दाखवली, आणि हत्यार किती दाबायचं ते बोटानं हवेत फिरवून दाखवलं. मी तसंच केलं. आठव्या दिवशी पाहिलं, त्या जागेवरचा फोड टपोरा होता.

तो फोटो अजून आमच्या ओटीवर आहे. पांढरा कोट, सरळ मान, वर धरलेलं हत्यार. नातवंडं पाहुण्यांना दाखवतात, हे आमचे आजोबा, तालुक्यातला पहिला हात.

पहिला हात सिसिलियाचा होता. तिचं केळं मी खाल्लं, आणि ते गोड होतं.