फर्शीखालची तार

हे मी माझ्या पोरालाही सांगितलेलं नाही. देवापुढेही नाही — तिथे हात जोडले की दुसरंच काहीतरी मागत बसते. तुम्ही ऐका. मध्ये बोलू नका.

आमच्या ह्यांनी कारखान्यातून रिटायर झाल्यावर जुनी लेथ विकत आणली. आयुष्यभर लोखंड कातून पोट भरलं नव्हतं काय? कांचघर मोहल्ल्यातल्या घरात, मागच्या पडवीत ती बसवली. चारशे चाळीस व्होल्टची. वायरिंग मोहल्ल्यातल्या मुन्नालाल इलेक्ट्रिशियनने केलं. त्याने अंगणात छातीएवढा खड्डा खणला, तांब्याची प्लेट पुरली, मीठ आणि कोळसा भरला. तिथून अर्थिंगची तार काढून मशीनला जोडली. मला म्हणाला, "भाभीजी, गर्मी में यहाँ एक बाल्टी पानी डालते रहना. बॉडी में करंट आया तो यही तार भैया को बचाएगा."

म्हणजे मला माहीत होतं. हे आधी सांगून टाकते — मला माहीत होतं.

दुसऱ्या वर्षी मी अंगणात फर्शी घालून घेतली. मिस्त्री पाटनचा. तार आडवी येत होती, फर्शी सपाट बसेना. "अम्मा, इसका क्या करूँ?" आत लेथ किरकिरत होती. तीनदा जेवायला हाक मारली, तरी हे उठले नव्हते. माझं डोकं तापलेलं. "काट दो," म्हटलं. त्याने तोडली, वरून फर्शी बसवली. लेथ तशीच चालू राहिली. ह्यांना सांगितलं? नाही. सांगितलं असतं तर नवी फर्शी उखडली असती ना!

श्रावणात मोटरने ओल धरली. ह्यांनी लेथचं हँडल पकडलं — आणि सुटलेच नाहीत.

चौथ्या दिवशी मुन्नालाल भेटायला आला. अंगण माणसांनी भरलेलं. पोरगा सगळ्यांना विचारून राहिला होता, "अर्थिंग काहून नव्हती?" मी बोट दाखवलं. "यानं केलीच नाही."

मुन्नालाल म्हणाला, "भाभीजी, गड्ढा मैंने खुद खोदा था. आपके सामने."

"कहाँ है गड्ढा? दिखा!"

"यहीं है. एक पत्थर उठवा लो."

पोराने त्याची कॉलर धरली — बाप जाऊन चार दिवस नाही झाले, आणि हा अंगण खोदायला सांगतो! मी एक शब्द बोलले असते तर कॉलर सुटली असती. नाही बोलले. धक्के मारत पोराने त्याला फाटकाबाहेर काढलं, ते मी उभी राहून बघितलं.

त्यानंतर त्याला कांचघरात कोणी वायरिंगला बोलावलं नाही. आता ओमतीच्या बाजारात दुसऱ्याच्या दुकानात बल्ब विकतो. शेजारणी मला म्हणतात, काकू, किती सोसलंत तुम्ही! अंगाची आग होते. सोसलं? मी? नवरा घालवला आणि दोष दुसऱ्याच्या माथी मारला, याला सोसणं म्हणतात काय?

आणि त्या चौथ्या दिवशी मी दुःखाने वेडी वगैरे झाले नव्हते. डोकं चांगलं चालत होतं. फर्शी उचलली तर काय दिसेल, ते मला ठाऊक होतं, म्हणूनच मोठ्याने ओरडले.

मुन्नालालचं काम चोख होतं. तार मी तोडवली.