बेलभंडाऱ्याचं रान

मेढ्याच्या मागच्या डोंगरात एक राखीव रान होतं आणि पाच वर्षं मी त्याचा रखवालदार होतो. रखवालदार म्हणजे जंगलखात्यातला सगळ्यात खालचा माणूस. अंगात खाकी कोट, छातीवर पितळी बिल्ला, हातात काठी आणि पाठीमागं कुणी नाही. वर रेंजरसाहेब होते. ते महिन्यातून एकदा घोड्यावरून यायचे, चहा प्यायचे, "रान विरळ दिसतंय" म्हणायचे आणि निघून जायचे.

मी म्हसवडकडचा. आमच्याकडं सावली म्हणजे बाभळीची, तीही काट्यांसकट. त्यामुळं या रानात पहिल्यांदा शिरलो तेव्हा मला रडू आलं, हे कबूल करायला लाज वाटत नाही. हिरडा, जांभूळ, अंजनी आणि पायथ्याला कपारीतून पाझरणारा झरा. खालच्या गावाला पिण्याचं पाणी तेवढंच. असलं रान कुणी तोडतं याचा मला संताप यायचा, आणि संताप माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असायचा.

तोडायचे ते गावकरीच. डोंगरात नाचणी आणि भात लावायचं तर रोपाची जागा आधी भाजून घ्यावी लागते. फांद्या तोडून पसरायच्या आणि पेटवायच्या, त्याला राब म्हणतात. दर फाल्गुनात माझी झाडं अशी बोडकी व्हायची. त्यात दुसरी मोठी लढाई सुरू झालेली, कोळशाला गिऱ्हाईक वाढलेलं. पहिल्या वर्षी मी कायदा चालवला. कोयते जप्त केले, खटले भरले, बायकांच्या डोक्यावरच्या मोळ्या वाटेतच उतरवायला लावल्या. रान काही वाढलं नाही. गावात मला कुणी पाणी विचारेनासं झालं, एवढंच.

मग मी काठी कोपऱ्यात ठेवली आणि जीभ बाहेर काढली. लहानपणापासून मी बोलण्यात कुणालाही गुंडाळायचो. हा दगडाला पाझर फोडील, असं आमची आई कौतुकानं म्हणायची. तिला काय माहीत पुढं काय व्हायचं होतं.

गावात पेन्शनीवर आलेले एक हवालदार होते. पहिल्या लढाईत परमुलखात जाऊन आलेले. गावाला पाटील होता, पण शब्द चालायचा हवालदारांचा, कारण हा माणूस दिलेला शब्द मोडत नसे. एकदा शेजाऱ्याला "उद्या नांगराला बैल देतो" म्हणाले आणि नेमका त्यांच्या जोडीतला एक बैल पहाटे मेला. तरी उरलेला बैल त्यांनी सकाळी शेजाऱ्याच्या दारात नेऊन बांधला. ही गोष्ट मला पाच जणांनी सांगितली, आणि पाचव्यांदा ऐकताना माझ्या मनात आलं की आपल्याला हाच माणूस पाहिजे.

महिनाभर मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. रानाचं नाव काढलं नाही. जनावरं, पलटण, गुडघेदुखी असल्या गप्पा मारल्या. चैत्रात एक दिवस हवालदारीणबाई झऱ्यावरून अर्धाच हंडा घेऊन आल्या, तेव्हा मी हळूच म्हणालो, "हवालदार, वर झाड ऱ्हायलं न्हाई तर खाली पाणी कुठनं येणार?"

त्यांनी हंडा कलता करून आत बघितलं. मग म्हणाले, "काय करावं म्हणता?"

उत्तर माझ्याजवळ तयारच होतं. भैरोबापुढं सगळ्या गावानं बेलभंडारा उचलायचा. बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा हातात घेऊन केलेली शपथ. कागदावरचा अंगठा नाकारणारा माणूससुद्धा बेलभंडारा उचलल्यावर फिरत नाही. शपथेचे शब्दही मीच जुळवले होते, 'राखीव रानात लोखंड नेणार नाही.' 'तोडणार नाही' असं म्हटलं असतं तर लोकांनी पळवाट काढली असती, ही फांदी वाळलेली होती, ती वाऱ्यानं पडली होती. लोखंडाला पळवाट नाही. कोयता नाही, कुऱ्हाड नाही, विळासुद्धा नाही. हातानं मोडेल तेवढं वाळकं जळण न्यावं. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

शपथ मी घातली. तिकडच्या रिवाजाप्रमाणं जो शपथ घालतो त्यालाच ती सोडवता येते. त्यानं देवापुढं नारळ फोडायचा आणि "सुटली" म्हणायचं. पहिला बेलभंडारा हवालदारांनी उचलला, मग सगळ्या गावानं. मागून कुणीतरी विचारलं, "आन् कुणी मोडली तर वो?"

"मग देव बघून घेईल," मी म्हणालो. हे काही ठरवलेलं नव्हतं. बोलण्याच्या भरात तोंडातून गेलं.

तीन वर्षांत रान ओळखू येईनासं झालं. हद्दीला चुना लावलेले धोंडे होते. माणसं धोंड्याशी कोयते ठेवून मगच आत पाऊल टाकायची. राबाला शेणी आणि पाचोळा वापरायला लागली. हवालदार रोज सकाळी हद्दीवर फेरी मारायचे. त्यांच्या कमरेला पलटणीतला एक छोटा चाकू असायचा. आत जाताना तोही काढून ते धोंड्यावर ठेवायचे. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "लोखंडच हाय न्हवं?" रेंजरसाहेबांनी मोठ्या साहेबाला रान दाखवायला आणलं. साहेबानं माझ्या पाठीवर थाप मारली. हवालदार बाजूला उभे होते, त्यांची ओळख करून द्यायचं माझ्या ध्यानात आलं नाही.

माझ्या चौथ्या फाल्गुनात, भर दुपारी, पलीकडच्या गावाचा राब वाऱ्यानं उडाला आणि वणवा आमच्या अंगावर आला. मी धावत हद्दीवर पोचलो तेव्हा सगळा गाव गोळा झालेला होता. प्रत्येकाच्या हातात कोयता होता आणि एकही माणूस धोंड्यांच्या आत गेला नव्हता. वणवा अडवायचा तर त्याच्या वाटेतली करवंदीची जाळी तोडून जमिनीचा एक पट्टा साफ करावा लागतो, जाळरेषा म्हणतात त्याला. ते हातानं होत नाही.

हवालदार पुढं आले आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "रखवालदार, शपथ तुमची हाय. पोरगं पाठवून देवळात नारळ फोडतो तुमच्या नावानं. तुमी हितंच सुटली म्हणा. अर्ध्या घटकंत पट्टा मारतो आमी."

शब्द माझ्या जिभेवर होता. पण मी विचार करत बसलो. आज वणव्यासाठी सुटली, तर उद्या राबासाठी सोडवायला येतील, परवा लग्नाच्या मांडवासाठी. एकदा सुटलेली शपथ पुन्हा कोण पाळणार? तीन वर्षांची माझी सगळी मेहनत. माझी, असंच मनात आलं.

"नको," मी म्हणालो. "फांद्या मोडून झोडपा."

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग पलटणीत हुकूम घेतात तसं "व्हय" म्हणाले आणि आत शिरले. त्यांच्यामागं बाकीचे, कोयते धोंड्यांशी टाकून. ओली फांदी हातानं मोडायला लागलं की सालीला लोंबकळत राहते, पिळून पिळून तळहात सोलून निघतात. माणसं ओरडत होती, झोडपत होती. तासाभरानं वारा फिरला आणि वणवा कड्याकडं जाऊन आपोआप मेला. रान बहुतेक वाचलं. हवालदारांना दोघांनी उचलून आणलं.

त्यांना अंगणात केळीच्या पानांवर निजवलं होतं. छातीपासून खाली बघवत नव्हतं. गुरव, पाटील, आणखी चारदोन माणसं भोवती उभी होती. मला बघून त्यांनी मूठ उघडली. मुठीत तो छोटा चाकू होता. घाईत कमरेचा काढायचा राहून गेला होता.

"करवंदीत आडाकलो," ते म्हणाले. "आग आली. चाकू चालवला, दोन फांद्या कापल्या. लोखंड लावलं मी, रखवालदार. आता तरी सुटली म्हणा."

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. त्या वेळी म्हणायला काय जात होतं माझं? पण म्हणालो असतो तर लगेच कुणीतरी विचारलं असतं, की हे दुपारी का नाही म्हणालात. मी म्हणालो, "आधी बरं व्हा हवालदार, मग बघू."

तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. शेवटपर्यंत त्यांना भाजल्याचं दुखत होतं की शपथ मोडल्याचं, हे मला आजही सांगता येत नाही. गावानं मात्र आपला निकाल लावून टाकला. हवालदारानं रानात लोखंड नेलं आणि देवानं बघून घेतलं. माझेच शब्द होते. नुसत्या हातांनी गेलेली माणसं वाचली, चाकूवाला मेला, याहून मोठा पुरावा कुणाला पाहिजे होता?

जत्रेत भैरोबाची पालखी घरोघर थांबते. त्या वर्षी हवालदारांच्या दारात थांबली नाही. हवालदारीणबाई उंबऱ्यात आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. पालखी पुढं निघून गेल्यावरही थोडा वेळ तशाच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या खोपटाशी आल्या. आत आल्या नाहीत.

"आवं रखवालदार, तुमी एकदा देवळात हुबं ऱ्हाऊन सांगा. त्यांनी आधी तुमच्याकडं सुटका मागितली व्हती, तुमीच दिली न्हाई, येवढंच सांगा. नारळ फोडा, सुटली म्हणा. मला दुसरं काय नगं. पालखी दारात थांबू दे."

"सांगतो बाई," मी म्हणालो, आणि त्या क्षणी खरंच सांगणार होतो.

पण त्या वर्षी रानाकडं बघत राहावं असं झालं. धोंड्याला टेकवून कोयता ठेवायलासुद्धा माणसं भिऊ लागली. आया पोरांना हवालदाराची गोष्ट सांगून धाक घालायच्या. माझ्या गोड बोलण्यानं जेवढं रान राखलं गेलं नव्हतं तेवढं त्यांच्या मरणानं राखलं जात होतं. मी ते बघितलं, मला ते कळलं, आणि मी गप्प बसलो. झाडांसाठी गप्प बसलो असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. मला बढती मिळणार होती.

बढतीवर सांगलीला बदली झाली. गावानं देवळात निरोप दिला. पाटील उठून बोलले. रखवालदारांनी आम्हाला शिस्त लावली म्हणाले, आणि मग समोर बसलेल्या पोरांना त्यांनी हवालदारांची गोष्ट सांगितली, लोखंड नेलं की काय होतं ती. पाठीमागच्या खांबाशी हवालदारीणबाई पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. गोष्ट चालू असताना त्यांनी मान खाली घातली नाही. त्या माझ्याकडं बघत होत्या. मी उठलो. माझ्या हातात गावानं दिलेला नारळ होता, समोर भैरोबा होता, सगळा गाव ऐकायला बसलेला होता.

मी रानाबद्दल बोललो. चांगलं बोललो. शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबायच्या आधीच त्या उठून गेल्या होत्या.

नारळ पिशवीत घालून मी मोटारीनं साताऱ्याला आणि तिथून पुढं सांगलीला नेला. बायकोनं त्याची चटणी केली. मी ती खाल्ली.