चौकोनांची वैरीण

माझी मावसबहीण माणसांना भेटत नाही, त्यांच्या आडनावांना भेटते. तुम्ही जाधव किंवा सावंत असाल तर ती तुमच्याशी गोड बोलेल, चहाही विचारेल, पण तिचं मन काही तुमच्यात रमणार नाही. तुम्ही कुऱ्हाडे असाल तर मात्र ती खुर्ची पुढे ओढते आणि, डॉक्टरनं पोटाबद्दल विचारावं तसं, ‘‘नाव छापताना कधी त्रास होतो का हो?’’ असं विचारते.

ताई अंधेरीच्या एका लहानशा कंपनीत आहे. शाळांची प्रमाणपत्रं, सोसायट्यांच्या पावत्या यांच्या पीडीएफ तयार करणारं सॉफ्टवेअर ते बनवतात. वापरलेल्या फॉन्टमध्ये एखादं अक्षरच नसलं, तर पीडीएफमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन उमटतो, आणि असे चौकोन शोधून घालवणं हे ताईचं काम. गंमत म्हणजे स्क्रीनवर सगळं झकास दिसत असतं. ‘‘तिथं कॉम्प्युटर गुपचूप दुसऱ्या फॉन्टकडून अक्षर आणतो रे, शेजारून वाटीभर साखर आणावी तसं. पीडीएफला शेजारच नाही. घरात असेल तेवढंच,’’ हे ती मला दर दिवाळीला नव्यानं समजावते, आणि मीही दर दिवाळीला नव्यानं मान डोलावतो.

एवढं काम ऑफिसात ठेवून घरी आली असती तर ती आमची ताई कसली? घाटकोपरच्या एका हॉटेलात मेन्यू मोबाइलवर उघडायचा होता. सुरळीच्या वडीतला ‘ळ’ गायब होता आणि तिथं चौकोन बसला होता. ताईनं मॅनेजरला बोलावलं आणि फॉन्ट फाइलीतच कसा भरून द्यायचा यावर शांतपणे व्याख्यान दिलं. त्यानंही ते शांतपणे ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, ‘‘मॅडम, वडी पण नाहीये आज.’’ तिचं लग्नही याच वेडातून जमलं, असा आमच्या घरात संशय आहे. मुलाचं आडनाव वऱ्हाडे, म्हणजे कुऱ्हाडेंसारखंच फॉन्टची परीक्षा घेणाऱ्या ‘ऱ्हा’चं, हे कळताच तिचा चेहरा असा उजळला की मावशीनं तेव्हाच हॉलची चौकशी सुरू केली. भाऊजी अजून म्हणतात, ‘‘माझ्या आडनावावर एवढं प्रेम माझ्या बापानंही केलं नव्हतं.’’ त्यांच्या नावाच्या प्रमाणपत्रांची ऑफिसात चाचणी होते. कागदावर ते नर्स झालेत, पहिलवान झालेत, एकदा तर उत्कृष्ट गृहिणीही.

एका रविवारी मी तिच्याकडे दहिसरला जेवायला गेलो होतो. तळमजल्यावरचे अंतोन अंकल वर आले. त्यांची बायको, ॲग्नेस आंटी, नुकतीच गेली होती. महिना झाल्यावर चर्चमध्ये होणाऱ्या मिस्सेसाठी प्रार्थनेची मराठी पत्रिका छापायची होती. पुतण्यानं ती तयार केली, पण पीडीएफमध्ये आंटीच्या नावाचं पहिलंच अक्षर चौकोन झालं. छापखानेवाला म्हणाला होता, एग्नेस करा, कोण बघतंय.

‘‘करून टाक ना पोरी एग्नेस,’’ अंकल म्हणाले. ‘‘देवाला कळेल.’’

‘‘देवाला कळेल अंकल. मशीनला कळायला पाहिजे.’’

ताई ताट तसंच ठेवून लॅपटॉपला भिडली. ॲ हे अक्षर कॉम्प्युटरच्या दुनियेत उशिरा आलं, जुन्या फॉन्टना त्याचा पत्ताच नाही, असं ती कीबोर्डला सांगत होती. तिनं फॉन्ट बदलला. आंटी नीट आली, पण ‘ख्रिस्त’ तुटला. त्याची वेलांटी भलतीकडेच जाऊन उभी राहिली. ‘‘वाट लागली,’’ ताई पुटपुटली. अंकल घाबरून म्हणाले, ‘‘त्यापेक्षा हिचंच नाव मोडू दे.’’ ताईनं तिसरा फॉन्ट आणला, पीडीएफ बनवायचं साधनही बदललं, आणि आमटी पुरती गार झाल्यावर एकदाचे ॲग्नेस आणि ख्रिस्त एकाच पानावर सुखरूप आले. चौकोन गेल्यावर ताई एरवी स्वयंपाकघरात जाऊन गुणगुणते. त्या दिवशी तिनं पान दोनदा वाचलं आणि लॅपटॉप अंकलकडे वळवला.

मिस्सेला आम्ही दोघं गेलो. लोक पांगल्यावर अंकल बाकावर बसून होते. ताई त्यांच्या शेजारी बसली आणि नाव बरोबर आलंय ना, असं तिनं जरा अभिमानानंच विचारलं.

‘‘बरोबर आलंय,’’ अंकल म्हणाले. ‘‘पण हिला ॲग्नेस म्हणायचं कोण? मासळीबाजारात सगळे अग्नी म्हणायचे, ही ओ द्यायची.’’

‘‘आणि तुम्ही?’’

‘‘मी कुठं नाव घ्यायचो. ‘आयकलं का गो’, बस. तेवढ्यावर ती यायची.’’

अंकलनी पत्रिका डोळ्यांपासून लांब धरली, नावाखाली बोट ठेवलं आणि ‘‘ॲग्नेस,’’ असं मोठ्यानं वाचलं. मग थोडं थांबले, कुणीतरी ओ देईल म्हणून थांबावं तसे. ताईनं नुसता त्यांच्या हातावर हात ठेवला. बाहेर फुलवाली टोपल्या आवरत होती, तिचं आवरून होईपर्यंत आम्ही तिघं तिथंच बसून राहिलो.